आत्महत्या: पाप की आजार? वाँटेजच्या मठापासून आपल्या धाराशिवपर्यंत

(हे या भागाचं लिखित रूप आहे. या भागात आत्महत्येबद्दल बोललंय. सध्या तुमचं मन ठीक नसेल तर एकट्यानं वाचू नका, किंवा आधी सरळ शेवटच्या परिच्छेदाकडे जा. तिथं एक फोन नंबर आहे.)

आजचा भाग जरा जड आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मागच्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावातून एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. नाव-गाव सांगत नाही. घरचे ख्रिस्ती आहेत, रविवारी चर्चला जातात. त्याच्या वडिलांनी काही वर्षांपूर्वी जीव दिला. मयतीनंतर घरी प्रार्थना झाली, आणि प्रार्थना संपल्यावर एक वडीलधारे गृहस्थ त्याच्या आईसमोरच बोलून गेले, की असं मरण आलेल्या माणसाला देवाच्या घरी जागा नसते. मुलगा मला विचारतो, "दादा, बाबा दोन महिने झोपले नव्हते. जेवत नव्हते. कुणाशी बोलत नव्हते. ते आजारी होते का पापी होते? आणि बायबलमध्ये खरंच तसं लिहिलंय का?"

मी पाळक नाही, डॉक्टरही नाही. इतिहास वाचतो आणि तुम्हाला सांगतो, एवढंच माझं काम. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासातूनच शोधलं. त्यात रोम आलं, इंग्लंड आलं, आणि मध्येच आपल्या पंडिता रमाबाई भेटल्या. त्यांच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा दारात येऊन उभा राहिला होता. पण ते पुढे. आधी बायबल.

बायबल काय म्हणतं?

बायबलमध्ये स्वतःचा जीव घेतलेली माणसं आहेत. राजा शौल आणि त्याचा शस्त्रवाहक. दावीद राजाचा सल्लागार अहीथोफेल. राजा जिम्री. आणि सगळ्यांना ठाऊक असलेला यहूदा इस्कार्योत. यातल्या कुठल्याही प्रसंगी, या माणसाला त्याच्या मरणाच्या रीतीमुळे नरक मिळाला, असं वाक्य तिथं येत नाही. अहीथोफेलाबद्दल तर साधी नोंद आहे, की त्याला त्याच्या बापाच्या कबरेत मूठमाती दिली. म्हणजे घरच्यांनी त्याला आपल्यातून काढून टाकलं नाही.

क्षमा न होणारं पाप म्हणून शुभवर्तमानात एकाच गोष्टीचा उल्लेख आहे, ती म्हणजे पवित्र आत्म्याची निंदा. आत्महत्येचं नाव तिथं नाही.

आणि एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगायला हवी. एवढा मोठा देवाचा माणूस, जिवाच्या भीतीनं रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे झालं, माझा प्राण घे. यावर देव त्याला रागावत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला उठवतो, भाकरी आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा खायला देतो, कारण पुढचा प्रवास लांबचा आहे. आधी झोप, मग भाकरी, उपदेश नंतर. त्या मुलाच्या बाबांना हेच दोन महिने मिळालं नव्हतं.

मग "जागा नसते" हे आलं कुठून?

नियम जन्मला जिवंत बायकांसाठी

इसवी सन ४१०. गॉथ लोकांनी रोम शहर लुटलं. बायकांवर बलात्कार झाले. काहींनी अब्रू जाण्याआधी जीव दिला, आणि ज्या जगल्या त्यांना लोक बोलायला लागले, की तुम्ही का मेला नाहीत? ओळखीचं वाटतंय ना? बाईची अब्रू आणि बाईचं मरण यांची गाठ आपल्याकडेही अशीच घट्ट बांधलेली आहे.

उत्तर आफ्रिकेत हिप्पो नावाच्या गावी ऑगस्टीन बिशप होते. त्यांनी 'देवाचं नगर' या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात या बायकांची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्यानं जबरदस्ती केली तर पाप त्याचं, तुझं नाही. तू स्वतःला शिक्षा कशाला देतेस? आणि 'खून करू नको' ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू आहे.

आज आपण ज्याला ख्रिस्ती धर्मातली आत्महत्याबंदी म्हणतो, तिचा हा एक मोठा पाया. पुढे तिचं काय झालं ते ऐकण्याआधी एवढं लक्षात ठेवा, की हा युक्तिवाद ज्यांच्यासाठी मांडला गेला त्यांच्यात जिवंत, घाबरलेल्या, लोकांची बोलणी खाणाऱ्या बायका होत्या. मरू नका, तुम्ही दोषी नाही, असं त्यांना सांगायचं होतं.

मग नियमाची काठी झाली

सहाव्या शतकात चर्चच्या परिषदांनी अशा मृतांसाठी प्रार्थना आणि विधी बंद करायला सुरुवात केली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी तीन कारणं दिली. आत्महत्या निसर्गाविरुद्ध आहे, समाजाविरुद्ध आहे, आणि जीव हे देवाचं देणं असल्यामुळे देवाविरुद्ध आहे. तर्क म्हणून हे नीट मांडलेलं आहे. पण गावपातळीवर त्याचा अर्थ फार क्रूर निघाला. इंग्लंडमध्ये अशा माणसाची मालमत्ता राजाकडे जमा व्हायची, म्हणजे शिक्षा कुणाला, तर बायकापोरांना. प्रेत चर्चच्या आवाराबाहेर, चौरस्त्यावर पुरायचे. १८२३ साली कायद्यानं चौरस्ता बंद केला, पण दफन रात्री ९ ते १२ च्या दरम्यान, विधीशिवाय, अशी अट ठेवली. ती रात्रीची अट गेली १८८२ साली.

यातून सुटायला एक वाट होती. मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्यूरीनं 'मन ठिकाणावर नव्हतं' असा निर्णय दिला, तर माणूस गुन्हेगार ठरत नसे, आणि मालमत्ता वाचायची. अठराव्या शतकापासून ज्यूरी बहुतेक वेळा हाच निर्णय द्यायला लागल्या. यात दया होती. पण गंमत बघा, माणसाचं मन ठिकाणावर नव्हतं हे सगळ्यांना दिसलं ते तो मेल्यावर.

चर्चच्या आतूनही वेगळे आवाज होतेच. मार्टिन ल्यूथर, म्हणजे प्रोटेस्टंट सुधारणेचा मूळ माणूस, म्हणायचा की असे सगळे नरकात जातात असं मी मानत नाही. रानात दरोडेखोरानं गाठून मारलेल्या माणसासारखं त्यांचं झालेलं असतं. १६२१ साली रॉबर्ट बर्टन या इंग्रज पाळकानं विषण्णतेवर, म्हणजे ज्याला आपण आज डिप्रेशन म्हणतो त्यावर, एक जाडजूड ग्रंथ लिहिला. अशा आजारात गेलेल्यांचा न्याय कठोरपणे करू नका, असं त्यानं त्यात विनवलंय.

आणि विल्यम कूपर. हा इंग्लंडचा मोठा कवी, याची भक्तिगीतं आजही चर्चमध्ये गातात. १७६३ साली त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्सला एका डॉक्टरच्या घरवजा इस्पितळात तो राहिला, बरा झाला, देवावर गाणी लिहिली. मग दहा वर्षांनी आजार उलटला. देवानं मला कायमचं टाकलंय, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली, आणि १८०० साली मरेपर्यंत ती गेली नाही. दुसऱ्यांना धीर देणारी गाणी लिहिणारा माणूस स्वतःला मात्र शापित समजत राहिला. हा कूपर लक्षात ठेवा. आता आपल्या माणसांकडे येतो.

वाँटेज, १८८३

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. वय २५. नवरा आदल्याच वर्षी वारलेला. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण. डॉक्टर व्हायचं रमाबाईंच्या मनात होतं. वाँटेज नावाच्या छोट्या गावात सेंट मेरीच्या सिस्टर लोकांच्या मठात त्या राहिल्या. निघताना त्यांनी सांगितलं होतं की मी ख्रिस्ती होणार नाही.

तिथं आनंदीबाईंच्या मनानं एक भीती धरली. आपल्याला इथं जबरदस्तीनं बाटवणार. ही हकिकत आपल्याला कळते ती ऑक्सफर्डचे संस्कृत पंडित मॅक्स म्युलर यांच्याकडून, त्यांनी १८९९ साली छापलेल्या आठवणींतून. ते लिहितात की भीती इतकी वाढली, की एका रात्री आनंदीबाईंनी झोपेत रमाबाईंचा गळा दाबायचा प्रयत्न केला. मैत्रीण बाटण्यापेक्षा मेलेली बरी, तिला वाचवायचंय, या भावनेनं. ते जमलं नाही. मग आनंदीबाईंनी स्वतःचा जीव दिला.

रमाबाई पार ढासळल्या. त्या ऑक्सफर्डला म्युलर यांच्या घरी राहिल्या तेव्हा रात्री एकट्या झोपू शकत नव्हत्या. म्युलर कुटुंबानं त्यांच्या खोलीत रोज रात्री झोपायला एक मोलकरीण दिली.

२९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ झाला, तो सगळ्यांना माहितीय. त्या गदारोळाखाली आनंदीबाई मात्र दबून गेल्या. आज रमाबाईंचं चरित्र वाचताना त्या अर्ध्या पानात येतात आणि जातात. त्यांची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली तीही दुसऱ्याच्या तोंडून.

आता कूपर आणि आनंदीबाई शेजारी ठेवून बघा. कूपर ख्रिस्ती, त्याला वाटतं देवानं मला टाकलं. आनंदीबाई हिंदू, त्यांना वाटतं माझा धर्म जाणार, मैत्रिणीचाही जाणार. भीती टोकाची, खरी, आणि दोघांनाही झोपू न देणारी. माझी समजूत अशी झालीय, की मनाचा आजार माणसाच्या जवळ जी भाषा असते तीच उचलतो. देवभोळ्या माणसात तो देवाच्या भाषेत बोलतो. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यात तो 'मी पोरांना तोंड कसं दाखवू' या भाषेत बोलतो. समोरचा 'मी पापी आहे, मला क्षमा नाही' असं पुन्हा पुन्हा म्हणायला लागला, तर त्याच्याशी धर्मावर वाद घालत बसू नका. ताप आलेला माणूस बडबडतो तेव्हा आपण शब्द मोजत नाही, कपाळाला हात लावतो.

नऊ वर्षं आधी, रानात

आनंदीबाईंना वाचवता आलं असतं का, हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण रमाबाईंच्या आयुष्यातला एक आधीचा प्रसंग आहे, जिथं माणूस वाचला होता.

१८७४ च्या सुमाराची गोष्ट. दक्षिणेत, मद्रास इलाख्यात दुष्काळ पडलेला. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, म्हातारे, जवळजवळ आंधळे झालेले. मोठे विद्वान, पण तीर्थयात्रा आणि दानधर्म यात सगळं संपलं. पैसे गेले, दागिने गेले, भांडी गेली. कष्टाचं काम कधी केलेलं नाही, आणि भीक मागायची लाज. शेवटचे दाणे संपल्यावर कुटुंब रानात गेलं, मरण येईल ते तिथं येऊ दे म्हणून. रानात पाला आणि रानफळं खाऊन दिवस काढले. शेवटी वडिलांनी ठरवलं की आपण देह ठेवायचा. त्यांनी मुलांना एकेक करून जवळ घेतलं, निरोप घेतला. रमाबाई सोळा वर्षांच्या, धाकट्या. हे सगळं त्यांनी पुढे स्वतःच्या आत्मकथनात लिहून ठेवलंय.

मग तिचा भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा आणि विद्येचा मान बाजूला ठेवतो, मिळेल ते काम करतो, तुम्हाला सगळ्यांना पोसतो, असं तो म्हणाला. वडिलांनी बेत सोडला.

हे वाचवणारं वाक्य नीट बघा. त्यात पापाची भीती घातलेली नाही. 'तुम्ही धीर धरा' एवढं कोरडंही नाही. ज्या लाजेनं वडिलांना कोपऱ्यात गाठलं होतं, ती लाज मुलगा स्वतःच्या अंगावर घेतो. वडील पुढे थोड्याच काळात दुष्काळाच्या त्रासानं गेलेच, मग आई गेली, मोठी बहीण गेली. श्रीनिवाससुद्धा १८८० साली गेला. तरी वडील मुलांच्या सोबतीत गेले, एकटे नाही गेले, याचं मोल ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांना विचारा.

पुढे १८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. आपली दुष्काळातली उपासमार आठवूनच हे केलं, असं त्यांनी लिहिलंय.

पाप किती, जबाबदारी किती?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत. आज चर्च काय म्हणतं?

कॅथॉलिक शिकवणुकीत पुष्कळ आधीपासून एक नियम आहे. पाप 'प्राणघातक' ठरायला तीन गोष्टी लागतात. कृत्य गंभीर हवं, ते गंभीर आहे याची पूर्ण जाण हवी, आणि ते मोकळ्या मनानं, पूर्ण संमतीनं केलेलं हवं. तिसऱ्या अटीवर थांबा. दोन महिने न झोपलेल्या, आजारानं घेरलेल्या माणसाची संमती पूर्ण आणि मोकळी म्हणायची का? १९९२ साली व्हॅटिकननं काढलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात हे स्पष्टच आलं. आत्महत्या गंभीर चूकच मानली, पण मनाचा गंभीर आजार, पराकोटीची भीती किंवा यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते असं सांगितलं. आणि अशा माणसाच्या तारणाबद्दल आशा सोडू नका, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं, असंही. त्याआधी १९१७ च्या चर्चच्या कायद्यात जाणूनबुजून जीव दिलेल्यांना अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती तरतूद गेली.

प्रोटेस्टंट मंडळींत एक युक्तिवाद ऐकू येतो, की शेवटच्या पापाची क्षमा मागायला वेळच मिळाला नाही. पण मग अपघातात, हार्ट ॲटॅकनं, झोपेत गेलेल्यांचं काय? ज्या धर्मात तारण देवाच्या कृपेनं होतं असं शिकवतात, तिथं शेवटच्या मिनिटाचा हिशोब लावणं त्याच शिकवणुकीत बसत नाही.

कायदाही याच वाटेनं आला. इंग्लंडनं १९६१ साली आत्महत्येचा गुन्हा रद्द केला. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ होतं, प्रयत्न फसला तर एक वर्षापर्यंत कैद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं धरून चाला, आणि सरकारनं त्याची काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ते जुनं कलम नाही.

आणि आपण?

आता जरा आपल्या घरात बघू. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं थोडी. पण मेलेल्या माणसावर ज्यूरी बसवायची सवय फक्त इंग्लंडची होती असं समजू नका.

शेतकऱ्यानं जीव दिला की आपल्याकडे फाईल तयार होते. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं का परवाना असलेल्या सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. मग समिती बसते आणि शिक्का पडतो, 'पात्र' किंवा 'अपात्र'. पात्र असेल तर कुटुंबाला एक लाखाची मदत. मदत मिळायलाच हवी, त्यावर माझं दुमत नाही. पण 'अपात्र आत्महत्या' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ती रात्री नऊ ते बाराची दफनाची अट आठवली. आणि चावडीवर वेगळी समिती बसतेच. दारू प्यायचा म्हणून, घरात भांडण होतं म्हणून, भित्रा होता म्हणून. प्रार्थनेनंतर बोललेले ते गृहस्थही त्याच समितीचे सभासद.

त्या गृहस्थांनाही मी राक्षस समजत नाही. त्यांना कदाचित वाटलं असेल, कडक बोललो तर दुसरं कुणी असं करणार नाही. पण या बोलण्यानं घरं गप्प होतात. ज्या घरात असं मरण झालंय, तिथली उरलेली माणसं मनातलं बोलायला घाबरतात. आणि ज्याला आज मदत हवीय, तो ऐकत असतो की आपल्याबद्दल उद्या काय बोलतील.

तर भावा, तुझ्यासाठी उत्तर. बायबलमध्ये तसं लिहिलेलं नाही. जीव देवाचा आहे, तो आपण संपवू नये, हे ख्रिस्ती धर्म ठामपणे सांगतो, आणि ते ऐकायलाच हवं, तूसुद्धा. पण आजारी माणसाच्या जबाबदारीचं माप काढायचा अधिकार त्या धर्मानं शेजाऱ्याला दिलेला नाही. ते माप देवाकडे ठेवलंय. बाबांसाठी प्रार्थना कर. आईला सांग की त्या दिवशी जे बोललं गेलं ते चर्चचं शेवटचं म्हणणं नाही.

एक शेवटची गोष्ट. फिलिप्पै गावात पौल आणि सीला तुरुंगात असतात. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःला संपवायला निघतो. अंधारातून पौल ओरडून त्याला थांबवतो, आम्ही सगळे इथंच आहोत असं सांगतो. त्या अधिकाऱ्याच्या तारणाची चर्चा होते, पण नंतर. आधी फक्त एवढंच, की तू एकटा नाहीस.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी झोपत नसेल, जेवत नसेल, 'माझं काही खरं नाही' म्हणत असेल, तर स्पष्ट विचारा. विचारल्यानं ती गोष्ट डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. गावातल्या आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरकडे सोबत जा. आणि १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. हा भाग ज्याला पाठवावा असं वाटतंय त्याला पाठवा, पण पाठवून थांबू नका. फोन लावा.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, एकमेकांची.